फोन उचलायच्या आधी

लोक म्हणतात, सत्यभामाबाईला मोबाईल कंपनीनं फसवलं. कंपनी काय फसवती मला! परक्या लोकांचा धंदाच हाय तो. मला कुणी फसवलं ते मी सांगते, पर पहिल्यापासून सांगावं लागंल, न्हाईतर तुमी बी हसाल. बाकीचे तर हसलेच.

आमी शिरड शहापूरचे, मेंढरावाले. दिवाळी झाली की आमचे मालक, पुंजाजी, कळप घेऊन वऱ्हाडाकडं निघतात. रान खाली झालं की लोक आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत पडतं म्हणून. ते उन्हाच्या तोंडाला परत येतात. तवर घरी मी अन् माझी पोरगी मोहिनी. त्या वर्षी मोहिनीची सोयरीक बघून राहिलो होतो, म्हणून घरात पहिल्यांदा मोबाईल आला. साध्या बटनाचा, वर उजेडाची बॅटरी लागणारा.

सोयरीक साखरा गावची. पोरगा हिंगोलीच्या डेपोत एसटीवर ड्रायव्हर. सुपारीचं खांड तोंडात न्हाई, घरी रान, विहीर. ठिकाण आणलं होतं माझ्या धाकट्या बहिणीनं, जिवनबाईनं. ती हिंगोलीलाच ऱ्हाती, तिचा मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. आमची माय लवकर गेली, जिवनाला मी मेंढरामागं कमरेवर घेऊन फिरलेली हाय. माझं न्हाण आलं तवाबी ती माझ्या कमरेवरच होती. तिनं "आक्का" म्हणलं की मी अर्धी भाकर सोडून उठते. तर पाव्हणे आले, पोहे खाल्ले, मोहिनीला नाव-गाव विचारलं. पोराचा आजा, जळबा आबा, गळ्यात माळ, डोक्याला पांढरा फेटा. उठता उठता म्हणला, "पोरगी पसंत हाय. पर आमच्यात होकार थोरल्यानं आपल्या तोंडानं द्यायची रीत हाय. घरी चार माणसांना विचारतो अन् मी स्वतः फोन करतो."

म्हणजे माझ्या पोरीचं नशीब आता त्या फोनात येऊन बसलं. मी तो देव्हाऱ्यातच ठेवायला लागले.

अन् फोनवर येणार कोण? कंपनीवाली! शेळीची धार काढायला बसावं, हात दुधानं भरलेला, की हा वाजला. पळत जावं, "हॅलो" म्हणावं, तर तिकडून साखरेवानी आवाज, "नमस्कार मॅडम!" मला जन्मात कुणी मॅडम म्हणलं नव्हतं. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "जेवलीस का गं बाई?" ती आपली बोलतच राहिली. मोहिनी हसून हसून लोळली, म्हणली, "माय, ती बाई न्हाई, भरून ठेवलेला आवाज हाय." म्या म्हणलं, मंग मॅडम कुणाला म्हणली ती, भिंतीला?

कवा खरी पोरगी बोलायची. ती तर त्याहून चिवट. राशिफळ घ्या, क्रिकेट घ्या, चुटकुले घ्या, गाणं घ्या. मी म्हणायची, "मला क्रिकेट घेऊन काय करायचंय? मेंढराच्या हाती बॅट देऊ?" तर ती म्हणती, "मॅडम, बस एक बटन दबाइए." बटन गेलं चुलीत! न्हाई म्हणलं की दुसऱ्या दिवशी दुसरी. ती झाली की पोरगा. एकदा तर मी फोन बोकडाच्या तोंडापाशी धरला, म्हणलं घे, याच्याशी बोल, याचं बी दिवसभर तुझ्यासारखंच चालू असतं. बोकड मनापासून ओरडलं. तिकडून "थँक्यू मॅडम" म्हणून फोन बंद. असल्या बेशरमीपुढं माणसानं करावं काय? संतापानं मी कवा कवा दिसंल ते बटन दाबून फोन बंद करायची.

मंग मीच एक अक्कल लढवली. म्हणलं, कंपनीवाल्याला कुठं आपली पडलीय? तो जरा वाजवंल अन् गप बसंल. आपलं माणूस असलं तर वाजवतच राहील. तवापासून फोन वाजला की मी लगेच उचलायचीच न्हाई. समोर बसायची, कमरेला हात लावून. लई वेळ वाजला तरच उचलायची. मोहिनीला बी तीच ताकीद दिली. अन् खरंच, बरेच फोन वाजून वाजून बंद व्हायला लागले. मला वाटलं, जिरवली कंपनीची.

पर जळबा आबाचा फोन काही येईना. पौष गेला, माघ लागला. जिवना मात्र दोन दिवसाआड फोन करायची, अन् मी उचलला की आधी फिसकन हसायची. "काय झालं गं हसायला?" "काही न्हाई आक्का, असंच." मी विचारायची, "साखऱ्याचं काय?" ती म्हणायची, "म्हातारा माणूस हाय, दम धर." मी दम धरला. गावात बाया हापशावर भेटल्या की म्हणायच्या, "मोहिनीचा गळा गोड हाय म्हणं!" मी चकित. माझी पोरगी आरतीला बी तोंड उघडत न्हाई. म्हणलं, असंल कुणाचं तरी कौतुक, आपल्याला काय जड झालं?

अन् एक दिवस जिवनाचा फोन आला, त्या दिवशी ती हसली न्हाई. "आक्का, रागावू नको. साखऱ्याच्या लोकांनी आपल्या कुशावर्ताला मागणी घातली."

कुशावर्ता तिची पोरगी. मोहिनीहून वर्षानं लहान. म्या विचारलं, "अन् माझ्या पोरीचं काय? पसंत हाय म्हणून गेले होते ना?"

"आता नशीब असतं आक्का. ते आपल्या तोंडानं आले, आमी काय हाकलून द्यावं?"

मोहिनी समोर ज्वारी पाखडत होती, तिनं सूप थांबवलं न्हाई, पर सगळं ऐकलं. राती जेवली न्हाई. मी तिला म्हणलं, "घराण्यात राहिली सोयरीक, मावशीचीच पोरगी हाय, वाईट वाटून घेऊ नको." सख्ख्या बहिणीच्या लेकराचं चांगलं होऊन राहिलं तर आपण तोंड वाकडं करावं का? न्हाई केलं मी. औंढ्याकडचं एक ठिकाण आलं होतं, ते बी फोन करतो म्हणून गेले अन् गपच झाले. मंग मात्र मला झोप लागंना. एवढी कामाची, देखणी पोरगी, अन् लोक दारातून उलटे काहून फिरून राहिले?

कळलं ते लोकर कातरायच्या दिवशी.

मालक कळप घेऊन परतले होते. अंगणात कातरणी चालली होती, काळ्या-पांढऱ्या लोकरीचा ढीग लागला होता, अन् माझा फोन त्या ढिगात कुठं तरी गडप झाला. आमचे भावकीतले उकंडराव कातरायला आले होते. म्हणले, "वैनी, थांबा, मी माझ्यावरून लावतो. वाजला की सापडंल." त्यांनी लावला, कानाला धरला, अन् माणूस कानापर्यंत लाल झाला. तिकडं ढिगात फोन वाजू लागला, मोहिनीनं काढला बी. माझं ध्यान मात्र उकंडरावाकडं.

"काहून असं तोंड केलं? करंट लागला काय?"

"काही न्हाई वैनी."

"मंग मालकाकडं चोरावानी काहून बघून राहिले?"

त्यांनी पुन्हा फोन लावला अन् माझ्या कानाला दिला. "तुमीच ऐका. मला सांगता येत न्हाई."

मी ऐकलं. ढोलकी वाजली, अन् एक बाई, आवाजात नुसता लाडीकपणा, गायला लागली: "ये की रं राजा, किती बघू वाट, अंथरूण पडलं गार..." पुढचं मी सांगत न्हाई.

"हे कुठं वाजून राहिलं?"

"तुमच्याच फोनला हाय वैनी. जो तुमाला फोन लावील त्याला ऐकू येतं, तुमी उचलीपर्यंत. ज्याचा फोन त्याला येत न्हाई. सगळ्या गावाला मालूम हाय."

"अन् एका बी मुडद्याला मला सांगावं वाटलं न्हाई?"

"बाईमाणसाला कसं सांगावं? आमाला वाटलं, तुमीच लावलं."

मी मालकाकडं वळले. ते खाली मान घालून मेंढराच्या पोटाची लोकर कातरत होते, लई मन लावून. "तुमी तर एसटीडीवरून फोन करायचे. तुमी ऐकलं नव्हतं?"

"ऐकलं की."

"मंग बोलले काहून न्हाई?"

मालक कातर थांबवून हळूच म्हणले, "मला वाटलं, तू माझ्यासाठी लावलं."

उकंडराव तोंडावर टॉवेल धरून गोठ्याआड गेले. मोहिनी घरात पळाली. अन् मला हसावं का रडावं कळंना. लग्नाला तीस वर्षं होत आली, ह्या माणसानं कवा गोड शब्द मागितला न्हाई, अन् मी दिला न्हाई. तिकडं वऱ्हाडात बूथवर उभं राहून हे गडी गाणं ऐकत होते! म्हणूनच बाजाराच्या दिवशी फोनावर फोन यायचे. मी खरंच हसले. हसता हसता जळबा आबाचा फेटा डोळ्यापुढं आला अन् माझं हसू विझलं.

वाजून वाजून बंद झालेले ते फोन. मी समोर कमरेला हात लावून बसलेली, अन् तिकडं माळकरी म्हातारा कानाला फोन लावून हे ऐकत असंल, पूर्ण.

दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला कुशावर्ताला कुंकू लावायचा कार्यक्रम होता. मालक मेंढरं सोडून येणार न्हाईत, मी अन् मोहिनी निघालो. एसटीत मी मनाशी ठरवलं, नवरदेव काही आपल्याला परत नको. तो आता कुशावर्ताचा, सुखानं नांदो. पर जळबा आबाला सांगायचं की आबा, माझ्या घरचं न्हाई ते गाणं, कंपनीचं हाय. माझ्या पोरीच्या नावाला लागलेलं हे पुसून द्या, म्हणजे दुसरं ठिकाण तरी दारात थांबंल. एवढंच पाहिजे होतं मला. दुसरं काही न्हाई.

जिवनाचा पोरगा हरिचंद, त्याचं डेपोपाशी मोबाईलचं दुकान हाय. आधी तिथंच गेले. म्हणलं, "ही अवदसा काढ रं बाबा आधी." त्यानं फोन घेतला, चारदोन बटनं दाबली, परत दिला. "झालं मावशी. आता साधी रिंग वाजंल."

"एवढंच?"

"एवढंच. कंपनीवालेच चिटकवतात आपल्या मनानं, न्हाईतर बोलता बोलता तुझं बोट कुठं तरी पडलं असंल. लई लोकांचं असं झालंय." अन् दुकानाचं शटर ओढता ओढता तो सहज बोलला, "मी तर पौषातच आईला म्हणलो होतो, मावशीचा फोन मागवून घे, कंपनीनं गाणं चिटकवलंय, काढून देतो. आई म्हणली, राहू दे, आक्काला आवडतं."

त्याला कळलंच न्हाई आपण काय बोललो. तो पुढं, आमी मागं. मोहिनी माझ्याकडं बघून राहिली होती. मी तिला म्हणले, "विसरली असंल गं. लग्नघर हाय, डोक्यात हजार गोष्टी असतात." आवडतं? मला? तिनं मला विचारलं तरी होतं का? दर फोनला हसायची ती मंग कशाला? तरी देवाशपथ सांगते, मांडवात शिरेपर्यंत मी तिची बाजू घेऊन मनाशी भांडत होते.

मांडवात माणूस मावत नव्हतं. नवरदेव ड्युटीवर, पर साखऱ्याची सगळी भावकी आलेली. कुशावर्ता नव्या लुगड्यात पाटावर बसलेली, वटीत नारळ. जळबा आबानं मला बघितलं अन् हाक मारली, "या बाई, या. ही मोहिनी ना? ये पोरी, भिऊ नको. माझा राग न्हाई तुझ्यावर."

मोहिनी वाकून पाया पडली. आबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणला, "पर म्हातारा म्हणून एक सांगतो. फोन उचलून असलं गाणं म्हणू नये पोरी. होकार द्यायला मी फोन केला, तर तू गायला लागलीस. मी म्हणून राहिलो, अगं मायजवळ दे, मायजवळ दे, तर तू थांबायलाच तयार न्हाई! दुसऱ्या दिवशी केला, पुन्हा तेच. मंग जिवनबाईला विचारलं. ती म्हणली, लेकरू हाय आबा, समजावते मी."

मांडवात हसू फुटलं. माझ्या पोरीचं तोंड राखेवानी झालं. तिला तर आत्ता कळलं की होकार आलाच होता, अन् तो कशापायी मोडला.

"आबा," मी पुढं झाले, "ती न्हाई गायली हो! ते कंपनीचं गाणं हाय, भरून ठेवलेलं. फोन लावला की आपोआप वाजतं. आमाला ऐकू बी येत न्हाई."

"यंत्र गातं म्हणतीस?" आबानं कपाळाला आठ्या घातल्या. म्हातारा वाईट न्हाई. नातवाकडून फोन घेतला. "थांब, आत्ताच लावून बघू. खरं असंल तर मी सगळ्यांपुढं तुझ्या पोरीची माफी मागतो."

लावला. माझ्या पिशवीत फोन वाजू लागला. अन् मला तवा आठवलं की गाणं तर आत्ताच, ह्याच हातानं फोन देऊन, मी काढून घेतलं होतं.

आबानं शेवटापर्यंत ऐकलं. मंग फोन खाली घेऊन मोहिनीकडं बघितलं. ती समोर ओठ मिटून उभी. "हे तर नुसतं टुर्रटुर्र वाजतं बाई," आबा म्हणला. "पोरगी इथं हाय, मंग तिथं गाणार कोण?" मागून त्यांचाच एक कॉलेजात जाणारा बोलला, "आबा, फोनला गाणं लावता येतं, पर ते ज्याचं त्यानं निवडून लावावं लागतं." लोकांनी माना हलवल्या. म्हणजे गायली तरी तीच, अन् निवडलं तरी तिनंच.

मी हरिचंदकडं बघितलं. "सांग रं! आत्ता काढलंस ना दुकानात?" हरिचंदनं आईकडं बघितलं, अन् मांडवाच्या बल्लीला वायर गुंडाळायला लागला. आधीच गुंडाळलेली होती ती.

मंग मी जिवनाकडं गेले. हातात कुंकवाचं ताट घेऊन ती उभी होती. म्या म्हणलं, "जिवना, तुला मालूम हाय. सोयरीक तुझ्याच पोरीची राहू दे, मी तिला आशीर्वाद द्यायलाच आलेय. फक्त एवढं सांग, की ते गाणं मोहिनीचं न्हाई. एवढं एकच वाक्य बोल माझे बाई."

तिनं कुशावर्ताकडं बघितलं. आबाकडं बघितलं. माझ्याकडं न्हाई बघितलं. ताट खाली ठेवलं, पुढं झाली, आबाच्या पायापाशी बसली अन् पदर पसरला.

"आबा, बिनसमजाचं लेकरू हाय, चुकलं तिचं. मावशी म्हणून मी तिच्या वतीनं माफी मागते. आता न्हाई गाणार ती."

आबाच्या डोळ्यात पाणी आलं. "ऊठ बाई, ऊठ. केवढं मोठं मन तुझं." बायका एकमेकीला म्हणायला लागल्या, बहीण असावी तर अशी, भाचीसाठी भर मांडवात पदर पसरला. कुणी तरी मोहिनीला पुढं ढकललं, "पाया पड मावशीच्या." अन् मोहिनीनं माझा हात सोडला न्हाई, इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिनं काहीच केलं नव्हतं. अन् सगळ्या मांडवानं मिळून तिला माफ करून टाकलं.